दारातून पिंप गेले पाहिजे!

बुश प्लेनचे किट निवडताना आणि त्यात बदल करताना

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचा विमानतळ उभा राहतो. लांबच लांब धावपट्टी, काचेच्या इमारती, बॅगा ओढत निघालेली माणसे. पण विमानतळ लागतच नाही असेही एक विमान जगात आहे. ते तळ्यात उतरते, बर्फावर उतरते, नदीकाठच्या वाळूत आणि गोट्यांतही उतरते. त्यातून पीठ जाते, टपाल जाते, तेलाची पिंपे जातात, फळ्या आणि खिळे जातात. परतताना एखादा आजारी माणूस दवाखान्याकडे येतो. कॅनडाच्या उत्तर भागात आणि अमेरिकेच्या अलास्का राज्यात शेकडो मैल रस्ता नाही, अशा ठिकाणी हे विमान म्हणजे आपला टेम्पो, आपली एस.टी. आणि आपली रुग्णवाहिका, तिन्ही एकत्र. तिकडे अशा निर्जन मुलखाला 'बुश' म्हणतात, म्हणून याचे नाव बुश प्लेन.

या विमानांनी काय काम केले आहे? १९२८-२९ च्या हिवाळ्यात कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात फोर्ट व्हर्मिलियन या दूरच्या वस्तीकडे घटसर्पाची लागण झाली. बाहेर हाडे गोठवणारी थंडी. वॉप मे आणि व्हिक हॉर्नर या दोन वैमानिकांनी एडमंटन शहरातून औषध घेतले आणि वर छप्परही नसलेल्या लहानशा एव्ह्रो एव्हियन विमानातून दुसऱ्या दिवशी ते तिथे पोचवले. हौसेसाठी किंवा शर्यतीसाठी केलेले हे उड्डाण नव्हते. कुणाची तरी लेकरे त्या औषधाची वाट पाहत होती.

अशा विमानांच्या छोट्या प्रतिकृती घरी जोडण्याचे किट मिळतात. मुलगा किंवा मुलगी दुकानाच्या काचेबाहेर उभे राहून डब्यावरचे चित्र पाहते आणि घरी येऊन हट्ट धरते. आपल्यासारख्या कष्टकरी घरात असा खर्च वरचेवर होत नाही. आठ-दहा महिने पैसे साठवून एखादे किट येते. ते जमले तर मुलाच्या हातात कसब येते. चुकीचे निवडले तर चार दिवसांनी डबा माळ्यावर जातो, आणि पैशापेक्षा मोठे नुकसान असे होते की 'हे आपल्याला जमत नाही' ही समजूत पोराच्या मनात घर करून बसते. म्हणून किट कसे निवडावे आणि त्यात बदल कसे करावेत, हे नीट समजून घेऊ. त्यासाठी आधी विचारायचा प्रश्न एकच आहे: हे विमान काय काम करीत होते?

वैमानिकांना विचारून बनविलेले विमान

बुश प्लेन अनेक झाली. पण ज्याच्यावरून सगळे समजते असे विमान म्हणजे कॅनडाच्या डी हॅविलँड कंपनीचे 'बीव्हर'. बीव्हर हा तिकडचा, झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारा प्राणी. नाव शोभते.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा या कंपनीत पंच डिकिन्स नावाचे गृहस्थ विक्रीचे काम पाहत होते. ते स्वतः जुने बुश वैमानिक. १९२९ साली उत्तर ध्रुव महासागराच्या किनाऱ्यापर्यंत, अक्लाविकला, त्यांनी विमान नेले होते. नवे विमान बनविण्यापूर्वी त्यांनी देशभरच्या बुश वैमानिकांना विचारणा पाठविली, की बाबांनो, तुम्हाला कसले विमान हवे? उत्तरे आली ती थेट कामाची. अंगात जोर हवा. थोड्या जागेत उठता-उतरता आले पाहिजे. चाके काढून फ्लोट लावता आले पाहिजेत, हिवाळ्यात स्की लावता आल्या पाहिजेत. आणि दार एवढे रुंद हवे की ४५ गॅलनचे पिंप सरळ आत ढकलता यावे.

या मागण्या कागदावर राहिल्या नाहीत. बीव्हरला दोन्ही बाजूंना मोठी दारे आहेत, कारण विमान धक्क्याला कोणत्या बाजूने लागेल ते वारा ठरवतो. पेट्रोलच्या टाक्या पंखात न ठेवता पोटाखाली ठेवल्या आणि भरण्याची तोंडे डाव्या कुशीवर दिली, म्हणजे बर्फाने निसरड्या झालेल्या पंखावर डबा घेऊन चढायला नको. एंजिनात ऑइल घालण्याचे तोंड तर चक्क आत, वैमानिकाच्या बैठकीजवळ आहे. उडता उडता ऑइल घालता येते.

सुरुवातीला या विमानासाठी कमी ताकदीचे एक इंग्रजी एंजिन योजले होते. पुढे अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे ४५० अश्वशक्तीचे, नऊ सिलिंडर गोल मांडलेले 'वास्प ज्युनियर' एंजिन घ्यायचे ठरले. एंजिन बदलले तसे नाक बदलले, पंखही वाढवावा लागला. १६ ऑगस्ट १९४७ रोजी पहिले बीव्हर उडाले. १९६७ पर्यंत १,६५७ बीव्हर तयार झाली, आणि त्यांतली कित्येक आजही काम करीत आहेत. ते पहिले विमान ओंटारिओ प्रांतातील सू सेंट मरी गावच्या बुश प्लेन संग्रहालयात जपून ठेवले आहे.

प्रमाणाचा हिशेब

किटच्या डब्यावर १:७२, १:४८, १:३२, १:२४ असे आकडे असतात. ते कळले नाहीत तर खरेदी अंधारातली होते. १:४८ म्हणजे खऱ्या विमानाच्या ४८ इंचांना प्रतिकृतीचा १ इंच. बीव्हरच्या पंखांचा विस्तार या टोकापासून त्या टोकापर्यंत ४८ फूट, म्हणजे ५७६ इंच. त्याला ७२ ने भागा, ८ इंच येतात. ४८ ने भागा, १२ इंच. २४ ने भागा, २४ इंच. पाचवी-सहावीतल्या मुलाकडून हा भागाकार करून घ्यावा आणि मग फूटपट्टी घेऊन घरात तेवढी जागा कुठे आहे ते त्यालाच दाखवायला सांगावे. दहा बाय बाराच्या खोलीत २४ इंचांचे विमान कुठे ठेवणार, याचा निर्णय किट आणण्यापूर्वी झालेला बरा.

आकडा जितका मोठा तितके विमान लहान आणि भागही बारीक. साडेपाच फुटांचा माणूस १:७२ मध्ये सव्वादोन-अडीच सेंटिमीटरचा होतो, १:४८ मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा. ज्यात बदल करायचे आहेत असे पहिले किट १:४८ च्या आसपासचे असावे. बोटांना धरता येते, कापता येते आणि फार जागाही लागत नाही.

तीन विमाने, तीन वाटा

पहिली वाट बीव्हरच्या प्लॅस्टिक किटची. इंग्लंडच्या एअरफिक्सने १:७२ मध्ये आणि कॅनडाच्या हॉबीक्राफ्टने १:४८ मध्ये बीव्हर काढले. हे साचे जुने आहेत, त्यामुळे ही किट प्रत्येक दुकानात, प्रत्येक वेळी असतीलच असे नाही. कंपन्या जुने साचे मधूनमधून पुन्हा काढतात, आणि कुणाच्या तरी कपाटात न जोडलेला डबाही पडून असतो. जुन्या साच्याचे किट म्हणजे सांधे थोडे ढिले आणि आतले काम साधे. बदल करायचे असतील तर ही गोष्ट आड येत नाही. साध्या भागावर करवत चालवायला मन कचरत नाही.

दुसरी वाट पायपर कंपनीच्या 'सुपर कब'ची. १९४९ साली आलेले हे दोन माणसांचे हलके विमान अलास्कात घरच्या मोटारसायकलसारखे वापरतात. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि वर ताणून बसविलेले कापड. रेव्हेल कंपनीने याचे १:३२ मधील किट मोठ्या फुगीर टायरांसह काढले आहे. पंखविस्तार सुमारे १३ इंच. एंजिन लहान, काचा मोठ्या आणि आतले सगळे बाहेरून दिसणारे. बैठक, पट्टे, दांडा यांचे बारीक काम ज्याला आवडते त्याने हे घ्यावे.

तिसरी वाट उडणाऱ्या विमानाची. अमेरिकेच्या गिलोज कंपनीने बीव्हरचे बाल्सा लाकडाचे किट काढले आहे. पंखविस्तार २४ इंच, म्हणजे बरोबर १:२४. बाल्सा हे अतिशय हलके लाकूड. त्याच्या पट्ट्यांचा सांगाडा करायचा आणि वर पतंगासारखा पातळ कागद चढवायचा. काम सावकाशीचे आहे. पण ज्या घरात कामटी सोलून पतंग बांधणारे हात आहेत, त्या घराला ही वाट परकी वाटणार नाही.

कोणतेही किट घेताना डब्यावरच्या चित्रावर जाऊ नये. चित्रकाराने आकाश, डोंगर, तळे सारे रंगविलेले असते. आत काय आहे ते बघावे. चाके, फ्लोट आणि स्की यांपैकी नेमके काय दिले आहे? काचेचे भाग स्वच्छ आहेत की चरे पडलेत? पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरे पिवळी तर पडली नाहीत? दुकानदाराने डबा उघडू दिला नाही तर बाजूला छापलेले भागांचे चित्र तरी नीट पाहावे.

पिंपाची कसोटी

आता एक सोपी परीक्षा. ४५ गॅलनचे पिंप म्हणजे सुमारे २०५ लिटरचे, आपल्याकडे बांधकामावर पाणी भरून ठेवलेले असते तेच. त्याची रुंदी साधारण ५८ सेंटिमीटर आणि उंची साधारण ८८. १:४८ मध्ये ते १२ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर उंच होईल. १:७२ मध्ये ८ रुंद आणि १२ उंच. संपलेल्या स्केचपेनची किंवा बॉलपेनची नळी मापून पाहा, जवळपास जमणारी एखादी घरातच सापडते. ती मापाने कापायची, दोन्ही तोंडांना पुठ्ठ्याच्या चकत्या लावायच्या, कडेवर आणि मध्ये दोन ठिकाणी दोऱ्याचे वेढे चिकटवले की पिंपाची कडी तयार.

हे पिंप किटच्या दाराशी धरून बघा. दाराच्या चौकटीत मावले तर साचा बनविणाऱ्याने माप पाळले आहे. मावले नाही तर दार तरी चुकले किंवा तुमचे पिंप तरी. दोन्हींचा हिशेब पुन्हा करावा. कारखान्यात फिटर किंवा टर्नर असलेल्या वडिलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. जॉब बसतो की नाही हे मापाने ठरते, नजरेने ठरत नाही, हे ते रोज पाहतात. त्यांनी मुलाच्या हाती फूटपट्टी द्यावी आणि स्वतः बाजूला बसावे.

एक बदल केला की दुसरा करावा लागतो

बहुतेक मुले किट जसेच्या तसे जोडतात. त्यात काही वावगे नाही. पण बुश प्लेनची खरी गंमत बदलात आहे, कारण ही विमाने वापरणाऱ्यांनीच ती सतत बदलली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील केनमोर एअर ही १९४६ पासूनची कंपनी जुनी बीव्हर पुन्हा नव्याने बांधण्यासाठी नावाजलेली आहे. कुणी मागे जादा खिडक्या पाडल्या, कुणी सामानाची जागा वाढविली. १० डिसेंबर २०१९ रोजी तर कॅनडात हार्बर एअर कंपनीने एका बीव्हरला विजेची मोटार बसवून ते उडविले. त्यामुळे 'बीव्हर बनवायचे' एवढे म्हणून भागत नाही. एखाद्या ठराविक विमानाचा, ठराविक वर्षाचा फोटो समोर ठेवावा आणि त्याबरहुकूम काम करावे. अक्षरांवरूनही काळ कळतो. कॅनडातील विमानांची खूण पूर्वी 'सीएफ' या दोन अक्षरांनी सुरू होई. १९७४ पासून पहिले अक्षर नुसते 'सी' झाले. १९५० च्या काळातले विमान करून त्यावर नव्या पद्धतीची अक्षरे लावली तर जाणकाराच्या ते लगेच लक्षात येते.

बदल करताना एक नियम लक्षात ठेवावा. खऱ्या विमानात एक गोष्ट बदलली की तिच्यापाठोपाठ दुसरी बदलावी लागते. प्रतिकृतीतही तसेच करावे.

फ्लोट घ्या. फ्लोट म्हणजे विमानाच्या पायांना बांधलेल्या दोन अरुंद होड्या. विमानाच्या पुढच्या अंगाला त्यांची बाजू वाऱ्याला अडते, त्यामुळे विमानाची शेपूट सरळ राहण्याची ताकद कमी पडते. म्हणून फ्लोटवाल्या बीव्हरला पुष्कळदा शेपटीखाली एक जादा पाते लावतात. नुसते फ्लोट लावले आणि फोटोत दिसणारे ते पाते विसरलो, तर प्रतिकृती अर्धीच राहिली. पाते कापायला जुन्या आइस्क्रीमच्या कपाचे प्लॅस्टिक चालते. मात्र किटच्या गोंदाने ते चिकटते का, हे आधी एका तुकड्यावर पाहावे.

किटमध्ये फ्लोट नसतील तर खोक्याच्या मऊ लाकडाचे कोरता येतात. कोरताना तळाला मध्याच्या किंचित मागे एक पायरी ठेवायला विसरू नये. पाणी ओल्या काचेसारखे तळाला धरून ठेवते. वेगात असताना या पायरीपाशी पाणी सुटे होते, म्हणून विमान उठू शकते. ती पायरी विमानाच्या तोलाच्या बिंदूच्या थोडी मागे यावी लागते. दोन्ही फ्लोटच्या मागच्या टोकांना पाण्यात वळण्यासाठी छोटी सुकाणू असतात, वर दोर बांधायचे खुंट असतात आणि एक वल्हेही बांधलेले असते. एंजिन बंद झाल्यावर धक्क्यापर्यंत यायचे कसे? वल्हवत!

स्कीचेही तेच. बर्फ भुसभुशीत असतो. चाकाचे सगळे वजन तळहाताएवढ्या जागेवर येते आणि चाक रुतते. स्की ते वजन लांबरुंद फळीवर पसरवते. पण हवेत गेल्यावर स्कीचे टोक खाली लोंबू नये म्हणून पुढून ताणाची दोरी आणि मागून तार लावलेली असते. प्रतिकृतीत साध्या काळ्या दोऱ्याचे दोन धागे लावले की काम झाले. ते लावले नाहीत तर त्या स्की शोभेच्या वाटतात. उभ्या विमानाच्या स्की बर्फाला चिकटून गोठू नयेत म्हणून खाली लाकडाचे ओंडके किंवा फांद्या टाकत. झाडूच्या चार काड्या मापाने तोडून स्कीखाली ठेवाव्यात. बघणारा विचारील हे काय, आणि तुमच्या मुलाकडे उत्तर असेल.

चाकांचा बदल सर्वांत सोपा. अलास्कातील सुपर कबला ३१ किंवा ३५ इंच व्यासाचे, कमी हवेचे मऊ टायर लावतात. ते गोट्यांवरून उसळत न जाता गोटे पोटात घेतात. १:३२ मध्ये ३५ इंचांचा टायर २.८ सेंटिमीटरचा होतो. लहान टायर काढून असे मोठे बसविले की नाक वर जाते आणि विमान शेपटीवर जास्त बसल्यासारखे दिसते. हे बरोबरच आहे, ते 'सरळ' करायला जाऊ नये. मऊ टायर वजनाने खाली थोडा चपटा होतो, म्हणून तळाला पॉलिश पेपरने अगदी थोडे घासून घ्यावे.

बदलांमधला आतला बदल म्हणजे सीट काढणे. माल न्यायचा असला की वैमानिक मागच्या सीटा काढून ठेवीत. आपणही मागच्या सीटा बसवू नयेत. तिथे आपली पिंपे, आगकाडीच्या लाकडाची खोकी आणि कापडाच्या तुकड्याची पोती ठेवावीत. यासाठी दार उघडे दाखवावे लागेल. दाराच्या रेषेवरून कटरच्या पात्याच्या पाठीने हलक्या हाताने पंधरा-वीस वेळा ओढावे. एकाच दाबात कापायला गेलात तर पाते घसरते, प्लॅस्टिक फाटते आणि बोटही.

पहिल्या खेपेला टाळावा असाही एक बदल आहे. १९६३ साली टर्बाइन एंजिनाचे टर्बो बीव्हर आले. नुसते नाक लांब केले की झाले, असे वाटते. पण त्यात वैमानिकाची जागा पुढे सरकली आणि शेपटीचा आकारही बदलला. तो बदल करणे म्हणजे अर्धे विमान नव्याने बनविणे. ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या किटला ठेवावे.

पृष्ठभागही कामाप्रमाणे. बीव्हर धातूचे आहे, सुपर कब कापडाचे. कबच्या अंगावर रिबिटांचे ठिपके काढले तर ते चूक. बीव्हरवरही सांभाळून, कारण ३ मिलिमीटरचे रिबिट १:४८ मध्ये ०.०६ मिलिमीटर होते, ते डोळ्याला दिसतच नाही. त्यापेक्षा वैमानिकाचा पाय रोज पडतो त्या जागी फ्लोटवरचा रंग थोडा उडालेला दाखवावा, धक्क्याला लागून टोकाला खरचटलेले दाखवावे, पोटाखाली धुराची काळपट छटा द्यावी. कामाची खूण तेवढी पुरे.

उडवायचे असेल तर

बाल्साच्या विमानाचा न्याय वेगळा. तिथे प्रत्येक ग्रॅमचा जाब द्यावा लागतो. पिंपे, खोकी, उघडे दार यांना तिथे थारा नाही. विशेष म्हणजे शेपूट हलकी ठेवावी. तोलाच्या बिंदूपासून शेपूट लांब असते आणि नाक जवळ. म्हणून शेपटीला १ ग्रॅम वाढला तर तोल साधायला नाकात त्याच्या कितीतरी पट वजन घालावे लागते. बाजारातला तराजू ज्याने पाहिला आहे त्याला हे लगेच पटेल. म्हणून मागच्या भागाला गोंद कमी, रंग कमी, लाकूड निवडून हलके.

टेबलावर ठेवायच्या प्लॅस्टिक बीव्हरला किंवा कबला मात्र ही चिंता नाही. त्यांचे तिसरे चाक शेपटीखाली असल्याने ती आपोआप शेपटीवर टेकतात. फ्लोट लावलेले विमान तेवढे चिकटविण्यापूर्वी चिकटपट्टीने जोडून उभे करून पाहावे. मागे कलंडत असेल तर पोट बंद करण्याआधीच फ्लोटच्या टोकात छर्रे भरावेत.

घरातली व्यवस्था

हत्यारे थोडीच लागतात: कटर, बारीक कानस, पॉलिश पेपर, भुवयांचा चिमटा, फूटपट्टी आणि दोन ब्रश. फटी बुजवायला एम-सील उत्तम. बाल्साला फेविकॉल चालते, प्लॅस्टिकला मात्र किटचाच गोंद हवा, कारण तो प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. तो गोंद आणि थिनर दोन्ही पेट घेतात आणि त्यांचा वासही बाधतो. म्हणून हे काम स्टोव्ह, गॅस किंवा पेटती मेणबत्ती यांपासून दूर, खिडकीत किंवा गॅलरीत करावे. लहान भावंडांना जवळ बसू देऊ नये. काम संपले की कटरचे पाते आत सरकवायचे, ही सवय पहिल्या दिवशीच लावावी.

पैशाचा प्रश्न असेल तर वाडीतल्या तिघा-चौघांनी मिळून एक किट घ्यावे. एकाने एंजिन, एकीने फ्लोट, एकाने आतला माल. मुलींना 'तू बघ फक्त' असे सांगू नये. आईच्या शिलाई मशीनपाशी बसून मापाने कापड कापणाऱ्या मुलीचा हात या कामात पोरांपेक्षा स्थिर असतो. एंजिनावर टाकायचे आच्छादन तिने पातळ कागद पाण्यात कालविलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून करावे. तिकडच्या थंडीत जुने वैमानिक रात्री एंजिनातले ऑइल काढून घेत, एंजिनावर कापड टाकत आणि सकाळी ऑइल चुलीवर गरम करून पुन्हा भरत. त्या आच्छादनाशेजारी पाण्याच्या डब्याएवढा ऑइलचा डबा ठेवला की सगळी सकाळ उभी राहते.

आपल्या आकाशातही

ही विमाने फक्त परमुलखातली राहिली नाहीत. बीव्हरचा थोरला भाऊ 'ऑटर' भारतीय हवाई दलाने वापरला. ४१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नावच 'ऑटर्स' असे आहे. त्याच घराण्यातले दोन एंजिनांचे 'ट्विन ऑटर' १९६५ साली पहिल्यांदा उडाले. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी गुजरातमध्ये केवडिया आणि साबरमती यांच्या दरम्यान पाण्यावरून उडणाऱ्या विमानाची सेवा सुरू झाली, तेव्हा फ्लोट लावलेले तेच विमान होते. ट्विन ऑटरचेही १:७२ मधील किट आहे, मॅचबॉक्सच्या जुन्या साच्याचे, पुढे रेव्हेलने काढलेले. पहिले बीव्हर हातावेगळे झाल्यावर पुढचे काय, असा प्रश्न पडला तर हे उत्तर आहे.

प्रतिकृती पुरी झाली की तिच्याखाली पुठ्ठ्याची पाटी लावावी. पाटीवर विमानाचे नाव, वर्ष, ते कुठे होते आणि काय वाहत होते, एवढे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. पाहुणा आला की त्याने प्रत्येक बदलाचे कारण सांगावे: हे पाते का, ही दोरी का, ही काडी का. ज्याचे कारण सांगता येत नाही तो बदल काढून टाकावा. रंग थोडा ओघळला असेल, सांधा थोडा दिसत असेल, तरी हरकत नाही. दारातून पिंप जाते ना, तेवढे बघावे.